मोतीबिंदूचं ऑपरेशन: आधी काय सांगायचं, नंतर काय सांभाळायचं

मोतीबिंदूचं ऑपरेशन टेबलावर दहा ते वीस मिनिटांत उरकतं. घरातली सगळी चर्चा मात्र त्या वीस मिनिटांभोवतीच फिरते: डॉक्टर कोण, लेझरने करतात का, टाका पडतो का. ऑपरेशननंतर नाराज झालेल्या पेशंटांची गाऱ्हाणी ऐकली, तर मूळ बहुतेकदा दुसरीकडे निघतं. लेन्स निवडताना रोजच्या कामांचा विचार झालेला नसतो, चालू असलेली एखादी गोळी सांगायची राहून गेलेली असते, किंवा बरं वाटलं म्हणून थेंब मध्येच बंद केलेले असतात. ही सगळी कामं पेशंटच्या आणि घरच्यांच्या हातातली आहेत, म्हणून इथे भर त्यांच्यावर आहे.

मोती वेगळा, काच वेगळी

बाहुलीच्या लगेच मागे डोळ्याचं स्वतःचं एक भिंग असतं. घडण मसुरासारखी, व्यास सुमारे ९ ते १० मिलिमीटर, आणि ते एका अतिशय पातळ पारदर्शक पिशवीत बसलेलं असतं. वय वाढतं तशी त्यातली प्रथिनं गढूळ होत जातात आणि आत शिरणारा उजेड विखुरतो. हाच मोतीबिंदू. तो डोळ्यावर बाहेरून चढलेला पडदा नाही, आतलं भिंगच बदललेलं असतं. त्यामुळे थेंब, मध, कांद्याचा रस यांपैकी कशानेही तो विरघळत नाही. मधाने डोळ्यात जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

काचबिंदू हा पूर्णपणे वेगळा आजार. त्यात डोळ्याची नस खराब होते, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे, आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूला थोडं थांबता येतं, काचबिंदूला नाही. दोन्ही एकाच डोळ्यात एकाच वेळी असू शकतात. म्हणून "मोतीबिंदूच आहे, बघू दिवाळीनंतर" असं घरबसल्या ठरवण्याआधी एकदा दाब आणि नस तपासून घ्यावी. दाबाची नेहमीची मर्यादा पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान धरतात.

मोतीबिंदूही एकाच चालीचा नसतो. भिंगाचा मधला गाभा पिवळट-तपकिरी होत गेला, तर लांबचं धूसर होतं, पण जवळचं काही काळ चष्म्याशिवाय वाचता येऊ लागतं. घरात कौतुक सुरू होतं, "बाबांचा वाचायचा चष्मा सुटला!" खरं तर ती मोतीबिंदू वाढत असल्याची खूण असते. भिंगाच्या मागच्या बाजूला होणारा मोतीबिंदू वेगळा वागतो. मधुमेहात किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये तो जास्त दिसतो. भर उन्हात आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात डोळे दिपतात, वाचन लवकर बिघडतं, पण अंधाऱ्या खोलीतल्या तक्त्यावरची अक्षरं बरी वाचली जातात. अशा पेशंटने तपासणीत "उजेडात दिसत नाही" हे स्वतःहून सांगायला हवं. नुसता तक्ता वाचून उपयोग नाही.

पिकू द्यायचा का?

नाही. "अजून पिकला नाही" हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनातून उरलेला आहे. त्या काळी दहा-बारा मिलिमीटरचा छेद घेऊन अख्खं भिंग पिशवीसकट काढत, टाके घालत आणि नंतर +१० च्या आसपासचा जाड चष्मा देत. पिकलेलं भिंग तसं काढायला सोपं जाई. आता फेको पद्धतीत भिंग डोळ्याच्या आतच ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात. भिंग जितकं कठीण, तितकी जास्त ऊर्जा लागते आणि त्या ऊर्जेचा मार बसतो तो कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या बाजूच्या पेशींना. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फार कमी झाल्या तर पुढची काच सुजून कायमची धुरकट होऊ शकते.

पूर्ण पांढऱ्या झालेल्या मोतीबिंदूत आणखी एक अडचण असते. डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, नीट दिसत नाही, त्यामुळे ऑपरेशननंतर नजर किती येईल हे आधी सांगता येत नाही. सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे का एवढंच कळतं. कधी असं भिंग फुगून डोळ्याचा दाब एकाएकी चढतो. डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, उलटी. मग ते सवडीने करायचं ऑपरेशन राहत नाही, तातडीचं होतं.

याचा अर्थ तपासणीत मोतीबिंदू दिसला की लगेच तारीख घ्यावी असाही नाही. कामं अडू लागली की वेळ झाली. पुण्यातल्या पीएमपी बसचा नंबर स्टॉपवर येईपर्यंत वाचता येत नाही, तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत, जिना उतरताना शेवटची पायरी चुकते, रात्री गाडी चालवायला भीती वाटते. यातलं काहीच होत नसेल तर सहा महिन्यांनी परत दाखवायचं.

ऋतूचंही तसंच. "उन्हाळ्यात जखम चिघळते, थंडीत करू" याला आजच्या दोन-तीन मिलिमीटरच्या छेदात अर्थ उरलेला नाही. पुण्यात बघायचं असेल तर सणांचं कॅलेंडर बघा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत विसर्जन मिरवणुकीचा गुलाल, रंगपंचमी किंवा लक्ष्मीपूजनाचे फटाके येऊ नयेत. शिवाय विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहणाऱ्याला त्या दिवशी डोळा दुखू लागला तर रुग्णालय गाठणं हीच मोठी अडचण.

मोजमाप: खरी कसोटी इथे

काढलेल्या भिंगाच्या जागी जी लेन्स बसवतात तिचा नंबर डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक यांवरून काढतात. सर्वसाधारण डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. लांबी मोजण्यात १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीनने चुकतो. ऑपरेशन सुंदर झालं तरी जाड चष्मा लागतो तो अशाने. म्हणून ही तपासणी घाईगर्दीत उरकायची नाही.

मोजणी दोन प्रकारे होते. एकात उजेडाच्या किरणाने, डोळ्याला काहीही न लावता मोजतात. ही जास्त अचूक. मोतीबिंदू फार दाट असेल आणि किरण आरपार जात नसेल, तर ध्वनिलहरींचं छोटं पेन डोळ्याला टेकवून मोजतात. पेन दाबलं गेलं तर डोळा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो, लेन्स गरजेपेक्षा जास्त पॉवरची निघते आणि नंतर लांबचं धूसर राहतं. दोन्ही डोळ्यांच्या लांबीत मोठा फरक दाखवत असेल तर "एकदा परत मोजाल का?" असं विचारायला संकोच करू नका. चांगले तंत्रज्ञ तसंही परत मोजतात.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या आधी बंद करायच्या, कारण त्यांच्या दाबाने कॉर्नियाचा बाक बदललेला असतो. मऊ असतील तर किमान आठवडाभर, कडक असतील तर तीन आठवडे किंवा जास्त. डोळे कोरडे पडून चुरचुरत असतील तर आधी त्यावर उपचार, मग मोजणी. कोरड्या डोळ्यावर घेतलेला आकडा दर वेळी वेगळा येतो.

बाकी तपासण्या थोडक्यात: बाहुली मोठी करून मागचा पडदा, मधुमेह असेल तर पडद्याचा स्कॅन, अश्रुवाहिनी मोकळी आहे का ते पाणी सोडून बघणं, रक्तदाब, रक्तातली साखर, ईसीजी, एचआयव्ही आणि काविळीच्या रक्तचाचण्या. अश्रुवाहिनी तुंबून पू होत असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात, कारण तो पू डोळ्यात शिरण्याचा धोका असतो. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार ते सहा तास धूसर दिसतं. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवा, गॉगल बरोबर घ्या.

न विचारता सांगायच्या गोष्टी

पहिली, प्रोस्टेटची गोळी. लघवीसाठी रात्री घेतली जाणारी टॅमसुलोसिन बाहुलीभोवतालचा पडदा ढिला करते. ऑपरेशन चालू असताना तो फडफडतो, बाहुली मध्येच लहान होते आणि पिशवी फाटण्याचा धोका वाढतो. गोळी बंद करून फारसा फायदा होत नाही, परिणाम महिनोन् महिने राहतो. पण आधी कळलं तर सर्जन वेगळी तयारी ठेवतो. पुरुष मंडळी हे औषध "डोळ्याशी काय संबंध" म्हणून सांगत नाहीत. पूर्वी घेऊन सोडलेलं असलं तरी सांगा.

दुसरी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. या स्वतःच्या मनाने बंद करू नका. नुसत्या थेंबांची भूल असेल तर त्या बहुतेकदा चालूच ठेवतात. सुईची भूल असेल तर डोळ्यामागे रक्तस्राव होण्याची शक्यता लक्षात घेऊन डॉक्टर ठरवतात. स्टेंट टाकलेल्याने चार दिवस गोळ्या सोडून हृदयविकार ओढवून घेणं हा डोळ्यासाठी फार महागडा सौदा.

तिसरी, चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी पूर्वी लेझर केलं असेल तर. कॉर्नियाचा बाक बदललेला असल्यामुळे नेहमीच्या सूत्राने लेन्सचा नंबर चुकतो, वेगळं सूत्र वापरावं लागतं. जुने कागद असतील तर न्या.

चौथी, सपाट झोपता येतं का. दम लागत असेल, सतत खोकला असेल, मान हलत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर आधी सांगा. ऐकू न येणाऱ्याला "हलू नका" हे टेबलावर सांगून उपयोग नसतो. शिवाय दुखरा दात, पायाची चिघळलेली जखम, डोळ्यातून चिकट येणं, औषधांची ॲलर्जी. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग असेल तर तो आधी बरा करतात.

साखरेचा एकच आकडा सगळीकडे धरत नाहीत, पण ती २०० च्या वर असेल तर बरेच सर्जन थांबायला सांगतात. ती उपवास करून आदल्या दोन दिवसांत खाली आणू नका. अचानक उतरलेली साखर टेबलावर जास्त त्रास देते.

लेन्स कोणती?

इथे दुकानात साडी निवडल्यासारखं होतं: पाच प्रकार समोर, किमती चढत्या, आणि "महाग ती चांगली" हा समज. तसं नाही. महाग लेन्स म्हणजे वेगळी लेन्स. तुमच्या डोळ्याला आणि दिनक्रमाला ती जुळते का, एवढाच प्रश्न.

मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. साधारणपणे ते अंतर लांबचं ठेवतात आणि वाचायला चष्मा लागतो, बहुधा +२.५ च्या आसपास. हिची प्रतिमा स्वच्छ असते, रात्री दिव्यांभोवती वलयं कमी दिसतात. पडद्याचा किंवा काचबिंदूचा आजार असलेल्यांसाठी बहुतेकदा हीच सुचवतात. स्वस्त आहे म्हणून हिला कमी लेखू नका.

मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल लेन्स येणारा उजेड लांब, मध्यम आणि जवळ असा वाटून देते. चष्मा बराच सुटतो, पण उजेड वाटला गेल्यामुळे मंद प्रकाशात वाचताना अडतं आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होत नाही. रात्री मुंबई-पुणे ये-जा करणारा ड्रायव्हर किंवा बारीकसारीक खोट लगेच डोळ्यांत खुपणारा माणूस असेल तर दोनदा विचार करा. मधल्या वाटेच्याही लेन्स मिळतात: त्यांत लांबचं आणि कॉम्प्युटरच्या अंतराचं चांगलं दिसतं, बारीक अक्षरांना चष्मा लागू शकतो.

टोरिक लेन्स तिरका, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असणाऱ्यांसाठी. कॉर्नियाचा असा नंबर साधारण १ च्या वर असेल तर विचार करण्यासारखी. ती ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एका अंशाने फिरली तर सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो, ३० अंश फिरली तर जवळपास सगळा. जागा सोडली असेल तर पहिल्या काही दिवसांत परत नेऊन फिरवता येते.

एक मुद्दा कायम निसटतो. जन्मभर उणे नंबरचा चष्मा लावणारी माणसं वाचताना चष्मा काढून वाचतात. त्यांना लांबची लेन्स बसवली, की लांबचं उत्तम दिसतं आणि हातातलं पुस्तक दिसेनासं होतं. साठ वर्षांची सवय एका दिवसात मोडते. शिवणकाम, हिशेब, पूजेची पोथी हेच ज्यांचं दिवसभराचं काम, त्यांच्यासाठी मुद्दाम जवळची पॉवर ठेवून लांबसाठी चष्मा देता येतो. पण हे मोजमापाच्या दिवशी बोलायचं. लेन्स बसल्यावर बोलून फार काही हातात राहत नाही.

लेन्सला मुदत नसते. एकदा बसली की जन्मभर चालते, दहा वर्षांनी बदलावी लागत नाही.

आणि लेझर? फेम्टोसेकंद लेझर छेद, पिशवीचं गोल तोंड आणि भिंगाचे तुकडे पाडणं एवढं करतं. तुकडे बाहेर काढायला ध्वनिलहरींचं मशीन लागतंच. अनुभवी सर्जनच्या हातून दोन्ही पद्धतींचे निकाल जवळपास सारखे येतात.

खर्च एका डोळ्याला मोफतपासून लाखाच्या पुढे जाऊ शकतो, आणि फरक मुख्यतः लेन्सचा असतो. पुण्यातलं ससून रुग्णालय सरकारी, पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय महापालिकेचं. महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन चालवते. धर्मादाय न्यासाच्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवा, आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटा. मेडिक्लेम असेल तर दोन गोष्टी वाचा: बहुतेक पॉलिसींत मोतीबिंदूला सुरुवातीची दोन वर्षं प्रतीक्षा असते, आणि एका डोळ्यामागे कमाल रक्कम ठरलेली असू शकते. वरच्या किमतीच्या लेन्सचा फरक मग खिशातून जातो.

ऑपरेशनचा दिवस

आदल्या दिवसापासून, किंवा दोन-तीन दिवस आधीपासून, जंतुनाशक थेंब देतात. सकाळी डोक्यावरून अंघोळ करून घ्या, कारण त्यानंतर बरेच दिवस डोक्यावर पाणी घ्यायचं नाही. डोक्याला तेल, काजळ, पावडर, गंध, टिकली काही नको. पुढून बटणं असलेला कपडा घाला, म्हणजे परत आल्यावर डोक्यावरून ओढावा लागत नाही. नाश्ता करायचा की नाही हे आधी विचारा. थेंबांची भूल असेल तर बरेच ठिकाणी हलका नाश्ता चालतो. मधुमेही माणसाने उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन रांगेत बसणं धोक्याचं. रक्तदाबाची गोळी सहसा चुकवायची नसते.

कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ते कपाळावर खूण करून लिहितात. खूण बरोबर बाजूला आहे ना, हे पेशंटने किंवा बरोबरच्याने बघावं. परत परत नाव आणि डोळा विचारतात त्याचा वैताग करू नका.

बाहुली मोठी करायचे थेंब तासभर थोड्या थोड्या वेळाने पडतात. आत नेल्यावर डोळ्याभोवती आणि डोळ्यात पिवळसर-तपकिरी पोव्हिडोन आयोडिन घालतात, थोडं चुरचुरतं. जंतुसंसर्ग टाळण्यात याचा वाटा फार मोठा आहे, म्हणून ते घाईने धुऊन टाकत नाहीत. मग चेहऱ्यावर कापड, पापण्या उघड्या ठेवायला छोटी क्लिप. पापणी मिटेल का ही भीती सोडा, क्लिपमुळे मिटता येतच नाही.

भूल दोन तऱ्हेची: नुसते थेंब, किंवा डोळ्याखाली सुई. सुई घेतली तर काही तास पापणी जड राहते, दोन-दोन दिसतं, डोळा बांधून घरी पाठवतात. थेंबांत तसं नसतं, पण समोरच्या दिव्याकडे बघत राहावं लागतं. डोळ्यावर दाब, पाणी वाहिल्यासारखं, रंगीत उजेड हलताना दिसणं, मशीनचा बारीक बदलता आवाज हे सगळं अपेक्षित आहे. सुरी येताना वगैरे काही दिसत नाही. दुखलं तर बोला, भूल वाढवता येते. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं तर आधी तोंडाने सांगा. हात मात्र चेहऱ्याकडे न्यायचा नाही.

सर्जन करतो ते असं. सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरचा छेद, आत जागा राखायला पारदर्शक जेल, पिशवीच्या पुढच्या भिंतीला साधारण ५ मिलिमीटरचं गोल तोंड, आत पाणी सोडून भिंग सुटं करणं, ध्वनिलहरींनी फोडून ओढणं, कडेचा मऊ भाग साफ करणं. मग घडी घातलेली लेन्स सुईसारख्या नळीतून पिशवीत सोडतात, ती आत हळूहळू उलगडते. छेद तिरपा असल्यामुळे आपोआप मिटतो. फार कठीण मोतीबिंदूत छेद सहा-सात मिलिमीटरचा घेऊन भिंग अखंड काढतात. तेही बिनटाक्याचंच असतं आणि निकाल चांगले येतात. "फेको केलं नाही म्हणजे फसवलं" असं धरून बसू नका.

गडबड होते ती बहुतेक पिशवीच्या मागच्या भिंतीपाशी. ती फाटली तर मागचा पारदर्शक बलक पुढे येतो, तो काढावा लागतो, लेन्स वेगळ्या जागी किंवा काही दिवसांनी बसवतात. हे चांगल्या हातांनाही होतं आणि नीट सांभाळलं तर नजर चांगली येऊ शकते. पण नंतरच्या तपासण्या एकही चुकवायची नाही.

थेंब: यातच निम्मं यश

नेहमीच्या औषधांत जंतुनाशक, स्टेरॉइड आणि सूज कमी करणारं एक औषध असतं, कधी दोन औषधं एकाच बाटलीत. स्टेरॉइडचे थेंब दिवसाला सहा वेळा सुरू करून चार-सहा आठवड्यांत पायरीपायरीने कमी करतात. एकदम बंद केले तर आतली सूज उसळते. कागदावरचं ठरलं की फ्रिजवर तक्ता चिकटवा आणि प्रत्येक थेंबापुढे खूण करा. मुलं परदेशात आणि घरी दोघंच, अशी घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. तिथे बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावावी, कारण बारीक अक्षर वाचायची नजर नेमकी याच दिवसांत नसते. व्हिडिओ कॉलवरून लेकीने विचारावं, "आई, निळी झाली का?"

पद्धत अशी: साबणाने हात धुवा. दुधाळ दिसणारी बाटली असेल तर नीट हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं. आडवं व्हा किंवा मान मागे टाका. खालची पापणी गालाच्या हाडाकडे ओढली की छोटी खाच तयार होते, थेंब तिथे. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. एक थेंब पुरतो, दुसरा गालावर वाहून जातो. डोळा अलगद मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधांमध्ये पाच ते दहा मिनिटं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. उघडलेली बाटली महिन्याने फेकायची.

आणि स्टेरॉइडची बाटली संपली म्हणून मेडिकलमधून आणून महिनोन् महिने घालत राहणं, हेही होतं. त्याने डोळ्याचा दाब चढून काचबिंदू होऊ शकतो.

पहिला महिना

रात्री आणि दुपारी झोपताना प्लॅस्टिकचं कवच आठवडाभर, कारण झोपेत डोळा चोळला जातो. कुशीवर झोपायचं तर दुसऱ्या बाजूच्या. दोन आठवडे तरी डोक्यावरून पाणी नाही. मानेखाली अंघोळ, चेहरा ओल्या रुमालाने. पापणीवरची चिकट घाण उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने, नाकाकडून कानाकडे, एका बोळ्याने एकदाच.

पाण्याने भरलेली बादली, सिलिंडर, नातवंडाला कडेवर घेणं काही आठवडे टाळा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने दाब चढतो. कपालभाती, शीर्षासन, सूर्यनमस्कार डॉक्टर सांगेपर्यंत बंद. पर्वती आणि सिंहगडही थोडं थांबतील. सपाटीवर चालणं दुसऱ्या दिवसापासून चालतं. रिक्षात गॉगल लावा, रस्त्याच्या खोदकामाची धूळ कुठे लागेल सांगता येत नाही. खड्ड्यांच्या धक्क्याने लेन्स हलत नाही, ही भीती मात्र सोडा. फोडणीच्या धुरापासून लांब, पोहणं महिनाभर नाही. टीव्ही, मोबाइल, वाचन यांनी काही बिघडत नाही. डाळ-भात, दूध, आंबट यांचं पथ्य जखमेशी काहीही संबंधित नाही, नेहमीचं जेवण जेवा.

थोडं चुरचुरणं, वाळूचा कण असल्यासारखं वाटणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं नेहमीचं. पांढरा सदरा एकदम निळसर दिसतो तेव्हा डोळा बिघडलेला नसतो, आधी पिवळ्या भिंगातून बघायची सवय होती. काहींना कानाकडच्या बाजूला चंद्रकोरीसारखी सावली दिसते, ती बहुधा काही आठवड्यांत ओसरते.

त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं ते यासाठी: कमी होण्याऐवजी वाढत जाणारं दुखणं, सुधारलेली नजर परत उतरणं, वाढती लाली, पू. आतला जंतुसंसर्ग विरळा, हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी, पण बहुतेकदा पहिल्या आठवड्यात येतो आणि तासांचा हिशेब असतो. रविवार आहे, उद्या बघू, असं तेव्हा करायचं नाही. घरी निघतानाच रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा तो नंबर लिहून घ्या. पहिल्या रात्री डोकेदुखी आणि मळमळ एकत्र आली तर डोळ्याचा दाब वाढलेला असू शकतो. विजा चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके एकदम वाढणं, बाजूने पडदा सरकल्यासारखं होणं ही मागचा पडदा सुटत असल्याची लक्षणं, मोठ्या उणे नंबरवाल्यांनी वर्षानुवर्षं लक्षात ठेवण्यासारखी. चार-सहा आठवड्यांनी मधलं धूसर होऊ लागलं तर पडद्याला सूज आलेली असू शकते. मधुमेहींमध्ये ती जास्त होते, आणि थेंबांनी बहुतेकदा उतरते.

चष्मा, दुसरा डोळा आणि नंतरची जाळी

शेवटचा चष्मा चार ते सहा आठवड्यांनी करा. त्याआधी नंबर हलत असतो, काचांचे पैसे वाया जातात. तोवर वाचायला बाजारातला साधा तयार चष्मा चालतो. दुसऱ्या डोळ्याचा नंबर मोठा असेल तर मधल्या काळात दोन्ही डोळ्यांचं जुळत नाही, जिना उतरताना तोल जातो. जुन्या चष्म्याची ऑपरेशन झालेल्या बाजूची काच काढून काहींचं भागतं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पहिला स्थिर झाला की, एक-दोन आठवड्यांपासून पुढे करता येतं. पहिल्या डोळ्याचा नंबर अपेक्षेपेक्षा वेगळा आला असेल तर दुसऱ्याची लेन्स ठरवताना तो फरक उपयोगी पडतो. म्हणून दुसरा डोळा वेगळ्या रुग्णालयात करणार असाल तर पहिल्याचे कागद न चुकता न्या.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धुरकट दिसू लागलं की "मोतीबिंदू परत आला" म्हणतात. तो परत येत नाही. लेन्स ज्या पिशवीत बसवली तिची मागची भिंत उरलेल्या पेशींमुळे धुरकट होते, हीच ती जाळी. याग लेझरने तिच्या मधोमध खिडकी पाडतात. पाच-दहा मिनिटांचं काम, छेद नाही, भरती व्हावं लागत नाही, आणि त्याच दिवशी घरी. सहसा एकदाच करावं लागतं.

लेन्सच्या पाकिटावरचं स्टिकर लावलेलं कार्ड देतात. त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर आणि नंबर असतो. त्याचा फोटो काढून मुलांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड आधारच्या प्रतीबरोबर एकाच फाइलमध्ये.